माझ्या गुरुवारांची यादी

बाळांनो, मी गाडी का विकली हे तुम्ही व्हिडिओ कॉलवर तीनदा विचारलंत आणि तिन्ही वेळा मी गुडघ्यांचं निमित्त सांगितलं. गुडघे ठणठणीत आहेत. आता ती मुलगी जिल्ह्याबाहेर नोकरीला लागली आहे, म्हणून खरं लिहिते.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंची ही मुलगी. नवऱ्याच्या मारातून सुटून मारुंजी गावात एका खोलीत राहत होती. पत्ता तिची आई आणि मी, दोघींनाच ठाऊक. नवरा आईवर पाळत ठेवायचा, म्हणून दर गुरुवारी डबा मी नेत असे. ‘पोलीस ठाण्यात आपली माणसं आहेत,’ असं तो सगळ्यांना ऐकवायचा.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी एक हवालदार दारात आले. माझ्या गाडीने चाकणला कुणाला तरी धडक दिली होती म्हणे. मी फोटो मागितला. मोबाइलवर एक टेम्पो होता, खंडेनवमीला पूजा केलेला. हाराचं एक फूल नंबरप्लेटवर लोंबत होतं आणि रस्त्यावरच्या कॅमेऱ्याने तीनाचा आठ वाचून माझ्या गाडीचा नंबर लावला होता.

“झेंडूनं गंडवलं बघा मशीनला!” ते हसले. “पन तुमची गाडी फिरती लई.”

त्यांनी मोबाइलच्या पडद्यावर बोट सरकवलं. माझे गुरुवार एकाखाली एक उभे होते. मारुंजीचा चौक, अकरा दहा. परत, बारा चाळीस. एका फोटोत काचेमागे मी होते, तोंड किंचित उघडं. बहुधा गुणगुणत असेन. एकटी आहे असं मला वाटत होतं.

“दर गुरुवारी कुनाकडं हो जाता?”

“हे कोण कोण पाहू शकतं?”

“पासवर्ड ज्याच्याकडं हाय तो.”

“कुणी पाहिलं याची नोंद होते? किती दिवस ठेवता?”

“आजी, तुमी शाळंत मास्तरीण व्हता काय?” म्हणत ते चहा न घेताच गेले.

त्याच दुपारी रिक्षाने जाऊन मी तिची खोली बदलली. चार दिवसांनी जुन्या घरमालकिणीचा फोन आला. एक माणूस विचारून गेला होता, ‘गुरुवारी पांढऱ्या गाडीतून म्हातारी येते, ती कुणाकडे?’

मी पोलीस ठाण्यात अर्ज दिला: गुन्ह्याशी संबंध नसलेल्या गाड्यांच्या नोंदी ठरावीक मुदतीत पुसाव्यात, यादी उघडणाऱ्याचं नाव आणि कारण लिहून घ्यावं. शिक्क्याची पोच मिळाली, उत्तर नाही. मग गाडी विकली.

माझ्या गुरुवारांची यादी अजून त्यांच्याकडे आहे.