बशीतली चिप

फोन आला तेव्हा मी इतवारीच्या बाजारात एक हातगाडी आणि एक टेम्पो यांच्यामध्ये अडकलो होतो आणि दोघांपैकी कोणीही मागे जायला तयार नव्हतं. विशाखाताईंचा धाकटा भाऊ मिलिंद बोलत होता. ताई सकाळी गेली, म्हणाला. मग थोडं थांबून, ‘सावकाश या मास्तर. तिले घाई पटत नव्हती.’ नव्हती... इतक्या लवकर हा भूतकाळ त्याच्या तोंडी कसा बसला, याचं मला नवल वाटलं. पुढे टेम्पो हलला, हातगाडी हलली, मी मात्र तिथेच उभा राहिलो. मागचा भांडीवाला मला जे बोलला ते रास्तच होतं.

विशाखा रामटेके हे नाव वाचकांना माहीत असण्याचं काही कारण नाही. त्यांनी कुठल्या व्यासपीठावरून भाषण केलं नाही आणि कुणाच्या हातून शाल घेतली नाही. आमच्या नागपुरात ही दोन्ही टाळून साठीपर्यंत पोचणं तसं कठीणच. आयुष्यभर त्यांनी इतरांनी लिहिलेले प्रोग्राम तपासले. आमची छोटी कंपनी रक्तपेढ्यांच्या फ्रिजवर बसवायच्या पेट्या बनवते. फ्रिजमध्ये किती थंड आहे, लाइट केव्हा गेली, किती वेळ गेली, याची नोंद पेटीतल्या मेमरीच्या चिपमध्ये राहते. त्या चिपशी बोलणाऱ्या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात. तो चुकला तर नोंद जाते, आणि मग पिशवीतलं रक्त मधल्या काळात गरम झालं होतं की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. रुग्णाला ते चढवायचं की नाही, हा प्रश्न मात्र तसाच उरतो. विशाखाताई ड्रायव्हर तपासत. मी शाळेतली मराठीची नोकरी सोडून या कंपनीत पेट्यांची माहितीपुस्तकं लिहायला आलो होतो. म्हणून मी मास्तर. ‘तुमचं पुस्तक वाचून माणूस पेटी परत आणून देते,’ असं त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. पुस्तक मी पुन्हा लिहिलं. पेट्या परत येणं थांबलं की नाही ते मी विचारलं नाही.

त्यांची तपासायची रीत निराळी होती. ज्याने कोड लिहिला त्याने समोर बसायचं आणि गप्प राहायचं. तिसऱ्याच कोणीतरी तो मोठ्याने, साध्या मराठीत वाचायचा. हा तिसरा बहुधा मीच असे, कारण मला प्रोग्रामिंग येत नव्हतं आणि न कळलेलं कळल्यासारखं वाचायची मला लाज वाटत असे. लिहिणारा मध्येच समजावून सांगू लागला की ताई हात वर करत. ‘कोड एकटाच जाते मशीनमंदी. तू जाशील का त्याच्यासंग, समजावून सांगायले?’ ही रीत त्यांनी कुठल्या परदेशी पुस्तकातून उचलली असेल असं मला वाटे. विचारलं तेव्हा त्या कोराडीबद्दल बोलल्या. वडील तिथल्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये होते. पाळी बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याला सगळं तोंडी सांगायचा, आणि येणाऱ्याने ते आपल्या शब्दांत परत सांगितल्याशिवाय जाणाऱ्याने खुर्ची सोडायची नाही. कॉलनीत मोठ्या झालेल्या ताईंना ते इतकं साधं वाटायचं की जगात इतरत्र तसं होत नाही हे कळल्यावर त्यांना धक्का बसला होता. मिलिंद सांगतो, घरातही हेच चाले. बाजारात पाठवलेल्या पोराने सामान आधी पाठ म्हणून दाखवायचं.

पेटीचं पहिलं मॉडेल तयार झालं तेव्हाची गोष्ट. ड्रायव्हर नितीनने लिहिला होता. हुशार मुलगा, साहेबांचा लाडका. साहेब म्हणजे कंपनीचे मालक. माणूस चांगला, पण मांडव दिसला की त्यांना राहवत नाही. उद्घाटन ठरलं होतं, पाहुणे ठरले होते, पेटीच्या फोटोचे फलक चौकात लागले होते. पहिल्या पेट्या त्याच मंचावरून रक्तपेढ्यांना द्यायच्या होत्या. सगळ्या चाचण्या पार पडल्या होत्या. उरला होता फक्त ताईंचा होकार, आणि तो सगळ्यांनी गृहीत धरला होता.

मी वाचत होतो. आकडा चिपला दे. मग वाच. दिलेला आणि वाचलेला सारखा असेल तर जतन झालं असं सांग. ताई म्हणाल्या, ‘वाच म्हंते. कुठून वाच?’ चिपमधून, आणखी कुठून, नितीन म्हणाला. हात वर झाला. मी दोन पानं मागे गेलो, पुन्हा पुढे आलो आणि जे लिहिलं होतं ते वाचलं. काम लवकर व्हावं म्हणून ड्रायव्हर प्रत्येक आकड्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवत होता आणि पडताळणीच्या वेळी तीच वाचत होता. चिपला तो काही विचारतच नव्हता. स्वतःला विचारायचा आणि स्वतःशी सहमत व्हायचा. हे वाचताना मला काही सार्वजनिक सभा आठवल्या, पण मी बोललो नाही.

नितीनचा चेहरा उतरला, तरी तो म्हणाला की प्लग काढूनही पाहिलं आहे, आकडे राहतात. राहणारच, ताई म्हणाल्या, आत बॅटरी आहे, तिच्यावर ती प्रत तग धरते. उन्हाळ्यात दुपारभर लाइट गेली आणि बॅटरी संपली की मग काय राहील? त्यांनी साहेबांना बोलावलं. टेबलावरच्या चाचणीच्या पेटीतली चिप चिमट्याने उपटली आणि चहाच्या रिकाम्या बशीत ठेवली. पेटी सुरू केली. हिरवा दिवा लागला. पडद्यावर आलं, नोंद जतन झाली. पुन्हा दिवा, पुन्हा जतन. चिप बशीत पडलेली, बाजूला बिस्किटाचा चुरा.

साहेबांनी बशीकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं की एवढ्यासाठी आता कार्यक्रम रद्द करायचा का.

‘कार्यक्रम करा ना साहेब,’ ताई म्हणाल्या. ‘पेटी नका देऊ.’

साहेब चिडले. तुम्ही पास करत नसाल तर तपासायला मला दुसरा माणूस बघावा लागेल, असं त्यांनी आम्हा सगळ्यांसमोर सांगितलं. नोकरी तिथेच गेली असं मी धरून चाललो. ताईंनी बशी हळूच माझ्याकडे सरकवली. ‘पाहा. पण त्याले बी मोठ्यानं वाचायले लावा.’

कार्यक्रम झाला. मंचावर एका पेटीचं नुसतं झाकण आणि डबा ठेवला होता, आत काहीही नव्हतं. पाहुण्यांनी तिच्या अचूकतेची स्तुती केली, आणि त्या दिवशी तिच्याकडून एकही चूक झाली नाही. खऱ्या पेट्या नंतर गेल्या, दुरुस्त होऊन, कुठल्याही हाराविना. दुसरा माणूस साहेबांनी शोधला नाही. नितीन काही महिने ताईंशी कामापुरतंच बोलला. मग एक दिवस तो दुसऱ्या कोणाच्या तपासणीला, म्हणजे आमच्या भाषेत रिव्ह्यूला, येऊन बसला. ताईंनी त्याच्याकडे न पाहताच विचारलं, ‘काहून गा, आज तुह्या कोडले सुट्टी?’ तिथून तो येतच राहिला.

ताईंची मूर्ती करायचा माझा विचार नाही. त्या हट्टी होत्या. एकदा ड्रायव्हरमध्ये दोष आहे म्हणून त्यांनी एक मॉडेल कितीतरी दिवस अडवून धरलं, आणि दोष निघाला सैल तारेत. ‘मी चुकली,’ एवढं बोलून त्यांनी पुढचा विषय काढला. ज्यांचा वेळ गेला त्यांना याहून थोडं जास्त हवं होतं, पण ते मिळालं नाही.

दवाखान्यात शेवटचा भेटलो तेव्हा बोलायला त्यांना त्रास होत होता. नवं मॉडेल येतंय, चिप नवी आहे, तिचा ड्रायव्हर स्नेहल नावाच्या मुलीने लिहिलाय आणि नितीन तपासतोय, हे मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले होते. झोपल्या असं वाटून मी उठलो, तर म्हणाल्या, ‘मी मेली म्हणून पास नका करू, मास्तर. लोकांले तेव्हा लय दया येते.’ मी बरं म्हणालो. तेवढ्यावर त्यांचं भागलं नाही. मला ते परत म्हणायला लावलं.

घरी भन्तेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, मोजकी माणसं, भाषण नाही. ऑफिसात मात्र साहेबांनी शोकसभा ठरवली. रिव्ह्यूच्या खोलीला ताईंचं नाव द्यायचं, दारावर पितळी पाटी, आत हार घातलेला फोटो, पाहुणे. त्यांचा हेतू खरा होता. नवं मॉडेलही ताईंच्या स्मृतीला म्हणून त्याच वेळी जाहीर करायचं होतं.

सभेच्या आधी त्याच खोलीत नव्या ड्रायव्हरचा रिव्ह्यू होता. मी वाचत होतो. स्नेहल समोर गप्प बसली होती, ओठ घट्ट मिटून. जुना आकडा पुसून नवा लिहायच्या जागी नितीनने मला थांबवलं. पुसून झालं आणि लिहायच्या आधी लाइट गेली तर चिपमध्ये काय राहील, जुना की नवा? मी पुन्हा वाचलं. जुनाही नाही आणि नवाही नाही, असंच काहीसं दिसत होतं. स्नेहल बोलायला पुढे झुकली आणि स्वतःच मागे टेकली.

तेवढ्यात साहेबांनी दार उघडलं. हातात हार, मागे पाहुणे, कोणाच्या तरी हातात कापडात गुंडाळलेली पाटी.

नितीन उठून उभा राहिला. ‘सर, अजून समजलं नाही.’

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या उघड्या बोर्डकडे. रागावतील असं मला वाटलं. त्यांनी हार दुसऱ्या हातात घेतला आणि बाहेरून दार स्वतः ओढून घेतलं, आवाज न करता. त्या दाराआडून त्यांचा एरवी मंचावर लागणारा आवाज ऐकू आला. ते पाहुण्यांना सांगत होते की थोडं थांबावं लागेल, आत रिव्ह्यू चालू आहे.

नितीन बसला. मी ती ओळ पुन्हा सुरुवातीपासून वाचायला घेतली.