सात नंबरची कविता

ही गोष्ट सांगायचं मी पन्नासेक वर्षं टाळलं. आता ऐंशी उलटली, आणि टाळायला कारणंही उरली नाहीत.

सत्तरच्या दशकात मी कारंज्याला शाळामास्तर होतो आणि वाचनालयाचा चिटणीस. दरवर्षी काव्यस्पर्धा व्हायची. परीक्षकाला कवीची जात किंवा ओळख कळू नये म्हणून आलेल्या कविता मी माझ्या अक्षरात उतरवायचो, वर नावाऐवजी नंबर टाकायचो. मूळ कागद पाणी तापवायच्या बंबात जायचे. कोणता नंबर कोणाचा, ती यादी फक्त माझ्याकडे. या पद्धतीचा मला फार अभिमान होता.

त्या वर्षी परीक्षक म्हणून एक मोठे कवी आले. त्यांच्या ओळी मला पाठ होत्या. स्टँडवरून त्यांची बॅग मीच उचलून आणली.

सात नंबरची कविता बाजारातल्या शिंप्याची. त्याचं बाळ आठव्या दिवशी गेलं. शिवून ठेवलेल्या झबल्याला बंद लावायचे राहिले, ते त्यानं लावलेच नाहीत. एवढंच त्यात होतं.

कवींनी मंचावरून ती वाचली आणि कागद दोन बोटांत धरला. "ही कविता नाही, शिलाई आहे. तीही उसवलेली." सभागृह हसलं. मीही हसलो. शेवटच्या रांगेतला शिंपीसुद्धा हसला, कोणाला कळू नये म्हणून.

जाताना सगळ्या प्रती त्यांनी मागून घेतल्या. मी त्यांच्या हाती माझी एक कविता सरकवली. "दिवाळी अंकात देऊ," म्हणाले.

अंक आला. आधी माझी कविता शोधली: चंद्र, चकोर, विरह, असली, आज वाचवत नाही. पुढचं पान उलटलं. तेच झबलं, तेच बंद, वर त्या कवींचं नाव. उतरवताना माझ्याकडून एक ओळ सुटली होती. छापलेल्या कवितेतही ती नव्हती.

आठवड्याभरात शिंपी अंक घेऊन घरी आला.

"गुरुजी, ह्याच्यात माह्या लेकाचं झबलं हाय."

मी पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं केलं. "होतं असं. दोघांना एकच सुचतं."

"लेकरू माहं मेलं, अन् सुचलं त्याले?" तो खाली बसला. "घरची बोलत नाही माह्यासंगं. म्हणते, आपलं दुःख कोणाले इकलं? तुमच्यापाशी यादी हाय ना? लोकायचं जाऊ द्या, तिले दाखवा, बस."

यादी आतल्या खोलीत, पेटीत होती. दाखवली तर गोष्ट त्या कवींपर्यंत गेली असती, आणि त्याच अंकात माझी कविता कशी छापली गेली, तेही निघालं असतं.

"हरवली," मी म्हणालो.

बऱ्याच वर्षांनी, तो म्हातारा झाल्यावर, यादी सदऱ्याच्या खिशात घालून मी त्याच्या दुकानात गेलो. सांगायचं म्हणूनच गेलो होतो. त्यानं मला ओळखलं. न विचारता गळ्यातली टेप काढून माप घेऊ लागला.

"खिशात काय हाय, गुरुजी? छातीचं माप चुकते."

मी यादी काढली. त्यानं हात पुढं केला. तळहात उघडाच होता.

"काही नाही. जुना कागद आहे," म्हणालो, आणि मुठीत धरला.

सदरा त्यानं सुरेख शिवला. पुढच्याच वर्षी तो गेला. त्याची बायको त्याच्या आधीच गेली होती. त्या दिवशी दुकानात मला एवढंच म्हणायचं होतं: कविता तुमची होती, यादी माझ्यापाशी होती, मला माफ करा.