नवं रिव्हॉल्व्हर, जुनं कव्हर

माझी आत्या तेल्हाऱ्याजवळ शेतातल्या घरात एकटी राहायची. आतोबा एका उन्हाळ्यात गेले. त्यांना शुगर होती आणि आमरस आवडायचा, या दोन गोष्टींचा त्यांनी कधी एकत्र विचार केला नाही. ती वर्षं अशी होती की वऱ्हाडात शेतकऱ्याची बायको विधवा झाली की कॅमेरेवाले गाडी घेऊन दारात यायचे. आत्याकडेही आले. त्यातल्या एकाने आवाज खाली आणून विचारलं, “बाई, कर्ज किती होतं?”

“कर्ज नवतं, शुगर होती,” आत्या म्हणाली. “मानूस आमरसानं मेला. कारली खा म्हनून सांगून राहिली होती, ऐकलं नाई.”

“जरा विहिरीकडे पाहत बसता का?” दुसऱ्याने विचारलं.

“कावून? विहीर पळून चालली का?”

चहा पिऊन ते नाराज होऊन गेले. गावात ज्या दोन घरांत खरोखर कर्जापायी माणसाने जीव दिला होता, तिथे आत्या रोज जाऊन बसायची, त्या बायांना जेवू घालायची. त्यामुळे खोटं रडायला सांगणाऱ्यांचा तिला फार राग होता. तसा तिला बऱ्याच गोष्टींचा राग होता. एकदा तिने सख्ख्या दिराला उलथण्याने मारलं होतं. कारण विचाराल तर तो वांग्याच्या भाजीबद्दल काहीतरी बोलला होता.

तिचं शेत डांबरी रस्त्याला लागून होतं. शेजारची शेतं एकेक करून एकाच माणसाने घेतली होती. तो पूर्वी बी-बियाण्याचं दुकान चालवायचा, मग दुकान सोडून पांढरे कपडे घालायला लागला. त्याला आत्याचं शेत हवं होतं. आधी त्याने गोड बोलून पाहिलं. मग त्याच्या ट्रॅक्टरने नांगरता नांगरता धुरा, म्हणजे मधला बांध, कोरला आणि आत्याच्या नांगराच्या चार-दोन ओळी त्याच्या शेतात गेल्या. मग विहिरीवरची मोटर एका सकाळी विहिरीत सापडली. शेवटी कोणीतरी तिची संत्र्याची झाडं कुऱ्हाडीने तोडून टाकली. पहिला बहार धरलेली झाडं होती ती.

आत्या ठाण्यात गेली. ठाणेदार माणूस वाईट नव्हता, आळशी होता. तो म्हणाला, “बाई, तुम्ही एकट्या राहता. एक तर अमरावतीला भाचीकडे जाऊन राहा, नाही तर बंदुकीचं लायसन काढा.” तो हसला. आत्या हसली नाही. दोन्हींपैकी तिने दुसरं निवडलं, आणि भाची म्हणजे मीच असल्यामुळे मला थोडं लागलंच.

लायसनसाठी तिला अकोल्याला मोठ्या साहेबासमोर बोलावलं. साहेबाने विचारलं, “चालवता येते का?”

“तुमाले येते का, साहेब?”

साहेबांनी सही केली. म्हणाले, “शिकून घ्या.” लायसन मिळालं. मी तेव्हा अमरावतीच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवत होते आणि माझ्याकडे एक जुनी मारुती होती. आत्याचा फोन आला, “उद्या ये. रिव्हॉल्वर घ्याले जाचं हाय.” भाजी घ्यायला जायचं असावं तसा आवाज.

अकोल्याच्या जुन्या बाजारातलं बंदुकीचं दुकान मी बाहेरून पाहिलं होतं. आत काचेची कपाटं होती आणि त्यातली बरीचशी रिकामी. वानरं हाकलायच्या छऱ्याच्या बंदुका आणि दिवाळीतले उरलेले फटाके, यावरच दुकान चालत असावं. मालक एक म्हातारे चाचा होते. डोळ्यांत सुरमा, पांढरी दाढी मेंदीने लाल केलेली. आयुष्यभर गोळ्या झाडून पाहिल्यामुळे त्यांना ऐकू कमी यायचं आणि त्यामुळे ते सगळं ओरडून सांगायचे. रस्त्यावरच्या लोकांनाही कळलं की आत्याला काय हवंय.

“बाई, दोनच हायेत!” चाचा ओरडले. “एक नई, सरकारी कारखान्याची. एक पुरानी, विलायती. दोन्ही बत्तीस बोर. बोला!”

नवं रिव्हॉल्व्हर त्यांनी खोक्यातून काढलं. काळंभोर, ग्रीसचा वास मारणारं. ट्रॅक्टरचा सुटा भाग म्हणून कुणी दाखवलं असतं तरी मी मान डोलावली असती. मग त्यांनी दुसऱ्या कपाटातून चामड्याच्या कव्हरमधलं जुनं काढलं. धारणीकडे जंगलखात्यात असलेल्या एका साहेबाचं होतं ते. साहेब वारले, मुलगा पुण्याला, त्याला घरात हत्यार नको होतं. मुठीला अक्रोडाचं लाकूड, हाताळून हाताळून मऊ झालेलं. चाचांनी त्याची चकरी फिरवली आणि माझ्या कानाशी धरली. “सुनो बेटा, घडी के माफिक!” त्यांना स्वतःला ती टिकटिक ऐकू येत नव्हती, पण चेहरा असा तृप्त, की जणू भीमसेनी कापूर हुंगतायत. मी तिथेच भाळले. नवं त्याहून बरंच स्वस्त होतं, पण मला वाटलं, घ्यायचं तर हेच.

“चाप ओढून पाहा,” चाचा म्हणाले. दोन्ही रिकामी होती.

आत्याने नवं घेतलं. संधिवाताने तिची बोटं वाकडी झाली होती. तिने एका हाताने ओढलं, मग दोन्ही हातांनी, मग जीभ बाहेर काढून. चाप हलेना. तिचा चेहरा मिरचीसारखा लाल झाला. जुनं घेतलं आणि बोट टेकवताच खटकन आवाज झाला.

“मस्का!” चाचा ओरडले.

दुकानामागे अंगण होतं. तिथे कापसाच्या जुन्या पोत्यांमध्ये ओली वाळू भरून भिंतीसारखी रचली होती. चाचांनी आधी जुन्यात गोळ्या भरल्या. आत्याने पदर खोचला, चाचांनी दाखवलं तसे पाय रोवले आणि चाप ओढला. वाळू उडाली. मी कानावर हात ठेवून भिंतीला चिकटले होते. आत्याने मागे वळून पाहिलं आणि ती हसली. आतोबा गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

मग नवं. चाचांनी सांगितलं, “अंगठ्यानं आधी घोडा मागं घ्या, मग चाप ओढा, हलका होईल.” तिने तसं केलं. तरीही तिला दम लागला. पण गोळी सुटली आणि त्याच पोत्यात गेली.

“झालं तर,” मी म्हटलं. “जुनंच घेऊ.”

आत्या ओट्यावर बसली. तिने मोठ्याने विचारलं, “चाचा, या जुन्याचं काई मोडलं तं?”

“पुर्जा मिळत नाई. मी घडवून देतो ना! जवर मी हाय तवर फिकर करू नका.”

“अन तुमी किती वर्सं हाय?”

मला वाटलं, आता संपलं. चाचांनी तिच्याकडे पाहिलं आणि असे हसले की त्यांना ठसका लागला. “ये तो ऊपरवाला जाने, बाई. पर सवाल बरोबर हाय.”

“नवं द्या,” आत्या म्हणाली.

मी वैतागले. “अगं, तुझ्याच्यानं तो चाप ओढवत नाही!”

“म्हनूनच,” ती म्हणाली. “मले राग कसा येते तुले मालूम हाय. त्या दिवशी हातात उलथनं होतं म्हनून दीर वाचला. हे मस्क्यावानी हाय. राग येईन, बोट लागन, मानूस मरन, मंग मी बोंबलत बसन. हे जड हाय. घोडा ओढेपर्यंत इचार कराले टाइम भेटते.”

चाचांना मी हे कानाशी ओरडून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि जुनं परत कव्हरमध्ये सरकवलं. मग आत्याने जुन्याच्या कव्हरकडे बोट दाखवलं. “हे मात्र मले पाह्यजे.” चाचा आधी नाही म्हणाले, मग त्यांनी पट्ट्यासकट कव्हर काढून तिच्यापुढे ठेवलं. विलायती हत्यार बिचारं उघडं पडलं.

पुढची गंमत अशी की निवडणूक आली की लायसनची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागायची. आणि त्या काळात आमच्याकडे पिकापेक्षा निवडणुका जास्त यायच्या. एक संपली की दुसरी. आत्याचं रिव्हॉल्व्हर ठाणेदाराच्या कपाटातच जास्त राहिलं. “माह्या बंदुकीले पोलीस सांभाळतेत,” ती म्हणायची, “मले कोन सांभाळते?” पण कव्हर घरीच असायचं. ती ते लुगड्यावरून कमरेला बांधायची आणि त्यात अडकित्ता ठेवायची. सोयीचं पडतं म्हणायची.

अशाच एका निवडणुकीत, रविवारी सकाळी, मी तिच्याकडे होते. मी चुलीवर चहा ठेवला होता. तो पांढरे कपडेवाला जीप घेऊन आला. या वेळी तो स्वतःच उभा होता. मत मागायला आलो म्हणाला, पण बाजेवर बसताच शेताचा विषय काढला. “आत्याबाई, हट्ट कावून करता? एकट्या बाईचं काही खरं नसतं. उद्या काही झालं तं आमच्यावर नाव येईन.”

मी दारातून पाहत होते. आत्याचे ओठ घट्ट मिटले होते. तिने सावकाश उजवा हात कमरेला नेला आणि कव्हरचं बटण काढलं. अडकित्त्याची पितळी मूठ बाहेर दिसली. तो अर्धवट उठला. “आत्याबाई, मी तं सहज—”

“बस ना. सुपारी देते.”

बिचाऱ्याने सुपारीचा कोणता अर्थ घेतला ते सांगायला नको. चपला तिथेच टाकून तो जीपकडे पळाला. आत्या अडकित्ता हातात घेऊन त्याच्या मागे गेली. “अरे, खांड तं घेऊन जाय!” तिने मनापासून म्हटलं होतं की खोडी काढली, हे मला आजतागायत कळलेलं नाही. चहा उतू गेला तो गेलाच.

त्याने ठाण्यात तक्रार दिली, आचारसंहितेत बाईने रिव्हॉल्व्हर रोखलं म्हणून. ठाणेदाराने त्याच्यासमोर कपाट उघडलं. रिव्हॉल्व्हर चिठ्ठी लावून तिथेच होतं. ठाणेदार इतका हसला की आळस मोडून त्या आठवड्यात तो स्वतः धुऱ्याची मोजणी करायला सरकारी मोजणीदार घेऊन आला. तेल्हाऱ्याच्या बाजारात लोक त्या माणसाला हात करून विचारायचे, “शेठ, सुपारी घेता का?” निवडणूक तो हरला. धुरा जागेवर आला. झाडं कोणी तोडली ते मात्र कधी सिद्ध झालं नाही. आत्याने नवीन कलमं लावली.

एकदा मी तिला विचारलं, तुला भीती वाटायची नाही का गं तिथे? वाटलं, एखादं तिखट उत्तर येईल.

“भ्याव तं लागे,” ती म्हणाली. “दिवे लागले का रोज लागे. मंग मी सयपाक करो. सयपाक झाला का भूक लागे, अन भूक लागली का भ्याव निंगून जाय.”

गुडघे गेल्यावर तिने शेत गावातल्याच एका कसणाऱ्या घराला वाट्याने दिलं, रिव्हॉल्व्हर दुकानात परत केलं आणि ती माझ्याकडे अमरावतीला आली. आता आमच्या बिल्डिंगमधल्या वरच्या मजल्यावरच्या बाईशी तिचं कपडे वाळत घालण्यावरून भांडण चालू आहे. ती बाई मला जिन्यात गाठून विचारते, तुमच्या आत्या पूर्वी काय करायच्या? मी म्हणते, संत्री लावायच्या.