दादाचं बिनआवाजाचं मशीन

माझा मोठा भाऊ गेला. छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं सगळं. सगळे त्याला इंजिन म्हणायचे, कारण तो बोलायचाच ओरडून. पेट्रोलच्या मशीननं गवत कापून कापून कान गेलेले. नवरा वारल्यावर दादानंच मला त्याच्यासोबत कंपनीच्या आवारात कामाला लावलं. तो गवत कापायचा, मी मागून गोळा करायचे.

मग साहेबांनी बॅटरीचं मशीन आणलं. शेडच्या पत्र्यावर सोलर बसवलं. एक बॅटरी मशीनमध्ये, दुसरी उन्हावर चार्ज व्हायला. ते बदलायचं काम माझं. धूर नाही, वास नाही, आवाज पंख्याएवढा. सगळे खूश. मला मात्र धडकीच भरली.

दादाला मशीन चालू की बंद हे हातानं कळायचं. थरथर लागली की चालू. हे नवीन थरथरायचंच नाही. त्यात त्याची जुनी खोड. दांडीवरची कडी दाबून धरली तरच पातं फिरतं, सोडली की बंद. हा ती सुतळीनं बांधून टाकायचा. हात भरून येतात म्हणे.

मी म्हणायचे, "दादा, सोड ती सुतळी."

"तुझ्या जन्माआधीपासून गवत कापतोय मी!"

"मग बोटं पण जुनी झालीत, जपून वापर."

हसायचा नुसता.

एकदा गवत ओलं होतं, मशीन तुंबलं. मी टोपली रिकामी करून येतेय तर हा मशीनशेजारी उकिडवा बसलेला, बाही वर सारतोय. सुतळी बांधलेलीच. कडेनं बारीक भुगा उडत होता, म्हणजे पातं फिरत होतं. मी ओरडले. त्याला काय ऐकू जाणार? टोपली टाकली नि पळत सुटले. मागून धरावं तर दचकून हात आतच जायचा. त्याची बोटं गवत बाहेर पडतं त्या तोंडाशी गेली, तेवढ्यात मी झाकण उघडून बॅटरीच उपसली.

"येडी झालीस का? बंदच होतं ना ते!"

मी नुसतं आत बोट दाखवलं. पातं अजून फिरत होतं, हळूहळू थांबत होतं. दादा ते थांबेपर्यंत बघत राहिला. मग ओरडून बोलणारा माझा भाऊ एवढ्याशा आवाजात म्हणाला, "बाई गं."

सुतळी त्यानंच तोडली. पण भीती काही गेली नाही, त्याची पण आणि माझी पण. त्यानंतर मशीन तुंबलं की आधी बॅटरी काढून माझ्या हातात द्यायचा. म्हणायचा, "वर धर, मला दिसू दे." मी दोन्ही हातांनी वर धरायचे, मगच हात घालायचा. एकदा मी बॅटरी घेऊनच पाणी प्यायला गेले. परत आले तर हा तसाच बसलेला, हात मांडीखाली दाबून, माझी वाट बघत.