उत्स्फूर्त प्रतिसाद

लग्न, दोन बाळंतपणं आणि सासऱ्यांचं दुखणं उरकून वहिनी शिक्षिका व्हायला निघाल्या. अध्यापक विद्यालयात त्या सगळ्यांत थोरल्या, म्हणून सोबतच्या पोरी त्यांना वहिनी म्हणत. एरवी मायेने, पाठ बिघडला की जरा वेगळ्या सुरात. इंग्रजीच्या श्रवण-संभाषणाच्या सराव पाठात त्या एकदा नापास झालेल्याच होत्या. या खेपेला गेला, तर घरी ‘आता पुरे’ म्हणायला सगळे टपून बसले होते.

तेव्हा त्यांनी बाकीच्यांचाच मार्ग धरला. आदल्या दिवशी सरावाच्या शाळेत जाऊन वर्गातल्या मुलांना उत्तरं वाटून टाकली. पहिल्याने नाव सांगायचं, शेजारणीने आवडता रंग, त्यापुढच्याने आईचं काम, असं ओळीने. मुलांनी आपापलं वाक्य घोटलं. संभाषण झकास बसलं.

पाठाच्या दिवशी निरीक्षक मॅडम मागच्या बाकावर येऊन बसल्या, आणि रंगवाली आलीच नाही.

हे वहिनींच्या ध्यानात यायला हवं होतं. पण त्यांचेही प्रश्न पाठ होते. त्यांनी इंग्रजीत आवडता रंग विचारला. पुढचा मुलगा ताडकन उठला, “माय मदर इज अ टेलर.”

“व्हेरी गुड.” मग त्यांनी आईचं काम विचारलं.

“आय हॅव टू कॅट्स.”

“व्हेरी गुड.”

घरी कोणता प्राणी आहे?

“आय कम बाय बस.”

“व्हेरी, व्हेरी गुड.”

गाडी अशी सुसाट चालली असताना खिडकीजवळची एक चिमुरडी उठली. तिच्या वाट्याला एकही वाक्य आलं नव्हतं. रिकाम्या जागेकडे बोट दाखवून ती म्हणाली, “टीचर, शी नॉट कम. शी फीव्हर.”

“सिट डाउन,” वहिनी म्हणाल्या. “विचारल्याशिवाय बोलायचं नाही.”

नंतर शिक्षकांच्या खोलीत मॅडमनी हात पुढे केला. “चिंतन आणलंय?”

पाठ झाल्यावर तो कसा झाला ते लिहायचं हे चिंतन सगळेच आदल्या दिवशी उरकत. वहिनींनी पर्समधून कागद काढून दिला.

“‘मुलांचा प्रतिसाद उत्स्फूर्त होता,’” मॅडमनी वाचलं. “कोणाचा हो?”

“त्या खिडकीजवळच्या मुलीचा.”

“तिला तर तुम्ही खाली बसवलंत.”

“हो.”

“मग पुढच्या वर्षी बघू. हे मात्र आज नवीन लिहून द्या. फाइलला लागतं.”

पुढचं वर्ष घरचे काही देणार नव्हते, हे वहिनींना पक्कं ठाऊक होतं. रिकाम्या वर्गात, गुडघे मावत नव्हते अशा बाकावर त्या लिहायला बसल्या. शिपाई किल्ल्या वाजवत दारात उभा राहिला.

‘आज वर्गात एक मुलगी इंग्रजीत बोलली,’ त्यांनी लिहिलं. मग तिचं नाव लिहायला गेल्या आणि पेन थबकलं. ते त्यांनी विचारलंच नव्हतं.

“ती खिडकीजवळ बसते, तिचं नाव काय हो?”

“आता ते मला काय माहीत, बाई? लिहा काहीतरी,” शिपाई म्हणाला. “वाचतंय कोण?”