खरकट्याचा खड्डा

आमच्या कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर खताचे दोन खड्डे होते आणि त्या दोन्हींच्या मध्ये कमरेएवढी विटांची भिंत होती. ती भिंत माझ्यामुळे बांधली गेली. लोक म्हणतात, जुनं झालं ते, आता सोडून द्या. मी का सोडू? बाजारात पोतं अंथरून मेथी विकत मोठी झालेली बाई आहे मी. कोणत्या गिऱ्हाइकानं कोणती जुडी विस्कटून परत टाकली, तेसुद्धा माझ्या लक्षात राहतं. ही तर भिंत होती.

माझं माहेर नांदगावकडचं. नाशकात आले, नवऱ्याची नोकरी सुटली आणि मी भाजी घेऊन रस्त्यावर बसले. भाजी विकण्यापेक्षा शिजवून वाढली तर जास्त सुटतं, हे मला कोणी शिकवलं नाही. नव्वदच्या सुमाराला मी खानावळ सुरू केली. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांतली परगावची पोरं जेवायला यायची. रविवारी-बुधवारी मटण, एरवी साधं जेवण. पुढं त्याच कमाईतून या कॉलनीत घर घेतलं आणि मागच्या पडवीत खानावळ आणली. नोकरदारांची कॉलनी. पहिल्या दिवशी समोरच्या बाईंनी विचारलं, "इथंच शिजवणार का सगळं?" मी म्हटलं, "नाही, हिमालयात शिजवून आणते." तिथूनच आमचं जमलं नाही.

शिजवायचा प्रश्न नव्हता, उरलेल्याचा होता. कोपऱ्यावरची कचराकुंडी गेली आणि घंटागाडी सुरू झाली. सकाळी घंटा वाजली की सगळ्या बायका बादल्या घेऊन धावायच्या. मी पिंप ढकलत न्यायचे. गाडीवाला कपाळाला हात लावायचा. "मावशी, तुमचं एकटीचं पिंप घेतलं तर पुढची गल्ली कुठं भरू?" त्याचं खोटं नव्हतं. पण माझं खरकटं कोणी उचललं नाही तर खानावळ चालायची कशी?

म्हणून वॉर्डात योजना आली तेव्हा सगळ्यांत आधी हात मी वर केला. ओला कचरा गाडीत टाकायचा नाही, कॉलनीच्या मोकळ्या जागेत खड्डा करून त्याचं खत करायचं, अशी ती योजना. पहिली कुदळ मी मारली. हे आता कोणाला आठवत नाही, म्हणून लिहून ठेवते.

खत मला नवीन नव्हतं. माहेरी घरामागं उकिरडा होता. त्यात शेण जायचं, चुलीची राख जायची, भाकरीचा तुकडा, कांद्याची पात, झाडलोट, सगळं जायचं. वर्षानं ते शेतात पडायचं आणि त्यावर आलेली बाजरी आम्ही देवापुढं ठेवायचो. इथंही मी तेच केलं. ओल्या कचऱ्यावर पालापाचोळा, त्यावर शेणकाला, आणि आठवड्याला फावड्यानं खालीवर. हाडं मी कधी त्यात टाकली नाहीत, ती गल्लीतल्या कुत्र्यांची. कॉलनीतल्या बायका बादल्या आणून ओतायच्या आणि नाकाला पदर लावून परत जायच्या. फावडं माझ्याच हातात.

पहिलं खत निघालं ते काळं, भुसभुशीत. मी खूश. बैठकीत म्हटलं, घरटी एक घमेलं न्या, कुंड्यांना घाला, तुळशीला घाला.

मग एक बाई म्हणाल्या, "तुळशीला कसं घालायचं? सगळ्यांचं उष्टं आहे त्यात."

"आणि बुधवारचंही," मागून कोणीतरी म्हणालं. बुधवार म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं.

माझं डोकं फिरलं. "सायखेड्याची वांगी नैवेद्याला चालतात ना तुम्हाला? ती काय गुलाबपाण्यावर वाढतात?"

कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष ओझरला नोकरी करून निवृत्त झाले होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. माझ्याकडून काम हवं असलं की अण्णा मला ताई म्हणत, नसलं की खानावळवाल्या बाई. त्या दिवशी ते म्हणाले, "ताई, शांत व्हा. भावनांचा प्रश्न आहे."

"कोणाच्या भावनांचा? मला नाहीत का?"

"तुमच्या पण आहेत. म्हणून तर तुमचा खड्डा वेगळा ठेवू."

अशी ती भिंत आली. पलीकडे नवा खड्डा झाला. त्यात देवाची फुलं, हार, पत्री आणि घरातली भाजीची देठं जायची. त्या बाजूनं भिंतीवर निळ्या अक्षरांत 'निर्माल्य' अशी पाटी रंगवून लावली. माझ्या खड्ड्याला पाटी नव्हती. तो कोणाचा, हे पोराटोरांना माहीत होतं. "खरकट्याच्या खड्ड्याकडे चेंडू गेला," असं पोरं ओरडायची. मी रोज पिंप घेऊन जायचे आणि ती भिंत बघायचे. आपल्या हातानं सुरू केलेल्या कामात आपल्यालाच बाहेर बसवलं, की कसं वाटतं ते भिंतीपलीकडच्यांना कळत नाही.

आता त्यांची चूक सांगते. ती अडाणीपणाची नव्हती. सगळे शिकलेले होते. निर्माल्याला पाय लागू द्यायचा नाही, हे आपल्याकडे लहानपणापासून अंगात भिनलेलं असतं. मग खड्ड्यात उतरणार कोण? फावडं मारणार कोण? देवाच्या फुलांवर शेणकाला आणि झाडलोट टाकणार कोण? माझं फावडं तर त्यांना चालत नव्हतं, ते खरकट्यातलं. त्यामुळं लोक यायचे, हात जोडायचे, पिशवी उपडी करायचे आणि जायचे. गणपतीत दूर्वा, केळीची पानं, मोदक, पंचामृत. नवरात्रात रोजची माळ. दसऱ्याला दारादारावरचा झेंडू. थरावर थर चढला. आतली हवा कोंडली, वरून परतीचा पाऊस पडला आणि खड्डा आंबला.

असा वास सुटला की लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. माशा तर विचारू नका. आणि नाव कोणाचं आलं? माझं. कोणी जाऊन खड्ड्यात डोकावलं नाही. वास आला म्हणजे खानावळीचा, हे ठरलेलंच.

अण्णा दोन माणसं घेऊन दारात आले. "बाई, लोकांच्या तक्रारी आहेत. तुळशीच्या लग्नाआधी तुमचा खड्डा बुजवावा लागेल."

"आणि खरकटं कुठं टाकू?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

म्हणजे खानावळ बंद. मला सगळं स्वच्छ दिसलं. पण बाजारात एक शिकले आहे: समोरचा जोरात असला की माल उघडून दाखवायचा. मी म्हटलं, "बुजवा. पण ठराव करायची बैठक घरात नाही, खड्ड्यापाशी घ्यायची. सगळ्यांनी येताना आपापलं नाक घेऊन यायचं."

आले सगळे. वाऱ्याच्या उलट्या बाजूला उभे राहिले. मी माझ्या खड्ड्यातलं ओंजळभर खत काढलं आणि अण्णांच्या पुढं धरलं. ते मागं सरकले. त्यांच्या बायकोनं, आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो, वाकून वास घेतला.

"अहो, मातीचा येतोय," त्या म्हणाल्या.

मग मी भिंतीवरून हात घालून पलीकडचा थर काठीनं उचलला. खालून बुडबुडे आले. एक गृहस्थ धोतराचा सोगा तोंडाशी धरून पळालेच. वहिनींना हसू आवरेना. "आणि आपण महिनाभर हिला शिव्या देतोय!"

अण्णांचा आवाज उतरला. "ताई..." मला कळलं, आता काम आहे. "ताई, हे नीट करता येईल का?"

"येईल. दोन्ही खड्डे एकत्र कालवायचे, माझं सुकं तुमच्यात, तुमचं ओलं माझ्यात. भिंत पाडावी लागेल."

"भिंत कशाला? वरून टाका ना."

"भिंत पाडायची."

"थोडी फट पाडू. दोन विटांची."

"अण्णा, मी मेथी विकलेली आहे. अर्धी जुडी कोणाला सोडून दिली नाही."

"बरं, अर्धी पाडू. बाकीची राहू दे, लोकांच्या समाधानाला."

मी पिंप उचललं आणि चालायला लागले. गिऱ्हाईक पाठ फिरवून चाललं की विकणाऱ्याचा जीव खालीवर होतो, हे मी विकणारी म्हणून भोगलं होतं. आता पाठ माझी होती. मागून हाका आल्या. "ताई, अहो ताई!" मी वळले नाही. माल त्यांच्याकडे होता आणि तो नासत होता.

पुढचे काही दिवस मी शांतपणे भाकऱ्या थापल्या. वास वाढत गेला. तुळशीच्या लग्नाच्या तयारीला बायका अंगणात बसेनात. शेवटी एका सकाळी धपधप आवाज आला म्हणून मी बाहेर आले. बघते तर वहिनी! पदर खोचून, हातात पहार. बाजूला अण्णा, हातात छत्री, ऊन नसताना.

"बघत काय बसलीस?" वहिनी मला म्हणाल्या. "ये की. मला मेलीला पहार झेपत नाही."

"येते. पण विटा माझ्या."

"काय?" अण्णा.

"पाडणावळ म्हणून विटा माझ्या. आणि पाटी पण काढायची."

"घे बाई, विटा घे, पाटी घे, पण हा वास ने!" वहिनी मध्येच म्हणाल्या.

मी खड्ड्यात उतरले. उतरण्याआधी निर्माल्याला हात जोडले, हेही सांगते. देव मलाही आहे. मग फावडं घातलं. त्या वर्षीच्या तुळशींना खत मिळालं नाही, पण पुढच्या वर्षी मिळालं. एकाही घरानं घमेलं परत पाठवलं नाही.

नंतर वॉर्डात कार्यक्रम झाला. आमच्या खड्ड्याचं कौतुक झालं, अण्णांना शाल-श्रीफळ मिळालं. भाषणात 'आमच्या समितीची कल्पना' असं ते दोनदा म्हणाले. मला बोलावलं होतं, पोहे करायला. पोहे मी केले आणि पैसे रोख घेतले. पण खुर्ची कोणी दिली नाही, ते मी धरून ठेवलं आहे आणि ठेवणार.

विटा मात्र वाया गेल्या नाहीत. त्यांची मी खानावळीच्या मागं भांडी घासायची मोरी बांधली. पोरांची ताटं तिथं विसळली जातात, रविवारची, बुधवारची, सगळी. एकदा वहिनी माहेरी गेल्या आणि अण्णा निमूटपणे माझ्याकडे जेवायला आले. जेवून उठले, हात धुवायला मोरीशी गेले आणि विटांकडे बघत उभे राहिले. पाटीच्या निळ्या रंगाचे दोन-चार थेंब अजून एका विटेवर होते.

"धुवा," मी म्हटलं. "पाणी भरपूर आहे."

त्यांनी हात धुतले. मी त्यांचं ताट उचललं आणि उरलेला भात सगळ्यांच्या उष्ट्याच्या पिंपात टाकला.