नवाईआधीची कणसं

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी फुईचं नाव घेतो. आमच्याकडे वडिलांच्या बहिणीला फुई म्हणतात. ती धानोऱ्याहून नंदुरबारच्या व्यापाऱ्यांच्या आवारात मिरच्यांचे देठ खुडायला जायची. त्या कामानं तिच्या बोटांची इतकी आग व्हायची, की लहानपणी तिनं मला कधी हातानं घास भरवला नाही. त्याच कामाच्या पैशावर मी मॅट्रिक झालो, सुरतेच्या कॉलेजात गेलो आणि बी.ए. होऊन परत आलो. आमच्या घराण्यात तोवर कुणी चौथीच्या पुढं गेलं नव्हतं. फुई शेजारणींना सांगायची, "मन्हा भाचानी समदं शिकी लिधं. आते काही बाकी ऱ्हायनं नही."

त्या भाच्यानं कचेरीतली नोकरी धरायची सोडून सातपुड्यातल्या पाड्यांत काम करणाऱ्या एका संस्थेत सेवक व्हायचं ठरवलं, तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. मग एका सकाळी तिनंच माझं गाठोडं बांधून दिलं.

तोरणमाळच्या वाटेवर, डोंगर चढायच्या आधी, आमच्या संस्थेच्या चार झोपड्या होत्या. तिथल्या प्रमुखांना आम्ही दादा म्हणायचो. नवीन सेवकानं पहिला पावसाळा वरच्या एखाद्या पाड्यात, एकाच घरात काढायचा, असा त्यांचा नियम होता. शिकवायचं काही नाही. त्या घरात राहायचं, ते देतील ते काम करायचं, बोली शिकायची. पावसाळा संपला की दादा पाड्याला विचारत, हा माणूस तुम्हाला हवा का? पाडा नको म्हणाला, तर सेवकानं आपल्या घरी जायचं.

मला एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी ठेवलं. सगळा पाडा त्यांना काका-काकी म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. मुलगा लांब जंगलात लाकूडतोडीला गेलेला होता आणि सून नुकतीच बाळंत झाली होती. धानोऱ्यापासून दीड-दोन दिवसांची वाट, पण मला परमुलखात आल्यासारखं वाटे. लोक पावरी बोलत. मी शाळेतलं शुद्ध मराठी बोलू लागलो की पोरं घरात पळत, कारण तसं बोलणारा माणूस म्हणजे जंगलखात्याचा शिपाई, एवढंच त्यांना ठाऊक. काका मला म्हणायचे, तू हळू बोल, आणि थोडंच बोल.

भादव्यात घराघरातलं जुनं धान्य संपत आलं. रानातले कंद उकडून खायचे, त्यावर नाचणीची पातळ आंबील. समोर शेतात मका उभा होता, कणसं भरली होती, मधून काकड्यांचे वेल पसरले होते. मला काकांनी शेतातल्या उंच माळ्यावर पोपट हाकलायला बसवलं होतं. मला वाटे, कणसं अजून थोडी पिकायची असतील, म्हणून कुणी हात लावत नाही.

एके दिवशी भुकेनं माझं डोकं दुखू लागलं. मी एक काकडी तोडून खाल्ली. मग मला सून आठवली. अंगावर पिणारं पोर, आणि बाई नुसत्या कंदांवर. मी तीन-चार चांगली कणसं काढली, माळ्याखाली भाजली, एक स्वतः खाल्लं आणि बाकीची सागाच्या पानात गुंडाळून घरी नेली. आल्यापासून मी कुणाच्या उपयोगी पडलो नव्हतो. ते पान सुनेपुढं ठेवताना मला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

तिनं पानाकडं पाहिलं आणि पोराला घेऊन आत गेली. काकीनं ते पान उचलून कोपऱ्यात ठेवलं. काकांनी विचारलं, तू खाल्लंस का? मी म्हणालो, हो, छान गोड आहेत.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगतात तसं. नवं पीक आधी देवाला. तो दिवस नवाईचा. त्याच्याआधी पाड्यातलं कुणी नव्या दाण्याला तोंड लावत नाही, कितीही भूक असली तरी. नवाई परवावर आली होती. घरातल्या माणसानं आधीच खाल्लं, तर त्या घरानं कोंबडं देऊन चूक फेडायची आणि पुजाऱ्यानं सगळ्या पाड्यासाठी नवा दिवस धरायचा. नवा दिवस म्हणजे पुढचा बाजार होऊन गेल्यावर. तोवर सगळ्यांनी थांबायचं.

काका लगेच पुजाऱ्याकडं गेले. दुपारी माणसं काकांच्या अंगणात जमली, बायका कुडापाशी उभ्या राहिल्या. कुणी ओरडलं नाही. एक म्हातारी मात्र म्हणाली, "पोपट हाकलायला बसवला, तोच मोठा पोपट निघाला." सगळे हसले. मीही हसलो, आणि हसताना मला कुठं पाहावं ते कळेना.

मग एका माणसानं सोपी वाट काढली. तो काकांना म्हणाला, शिपाई येतो, आपल्या काकड्या तोडून खातो, त्यानं आपली नवाई कधी बिघडते का? तो बाहेरचा. हाही बाहेरचाच धरा. उद्या याला खाली पाठवा, परवा आपण नवाई करू. बऱ्याच जणांनी माना हलवल्या. त्यात घरी लहान पोरं असलेले होते, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

पुजाऱ्यानं काकांना विचारलं, "सांग. हा तुझ्या घरचा, की बाहेरचा?"

काका बोलायच्या आत मी उभा राहिलो आणि मोडक्यातोडक्या पावरीत म्हणालो, मला बाहेरचा धरा, मी जातो. ऐकणाऱ्याला तो त्याग वाटला असेल. पण ते शब्द तोंडातून जाताना माझ्या डोळ्यांपुढं त्या पोरांच्या आधी फुईच्या चुलीवरची भाकरी आली होती. मला सुटका हवी होती.

"खाली बस," काकी म्हणाली. "तुला कुणी विचारलेलं नाही."

काका पुजाऱ्याकडं वळले. मग म्हणाले, "माझ्या घरी झोपतो, माझ्या शेतावर बसतो. घरचा आहे. त्याला सांगायचं काम आमचं होतं, आम्ही सांगितलं नाही."

तेवढ्यावर बैठक उठली. सगळा पाडा थांबला. मका वाळू लागला, पोपट कणसं फोडत राहिले आणि मी माळ्यावर बसून त्यांना हाकलत राहिलो. कुणी मला टाकून बोललं नाही. वाटेत भेटणारे मात्र "काय पोपट, जेवलास का?" असं विचारायचे. काकी माझ्या वाट्याचे कंद आधी वाढायची. ते मला गिळवत नसत, आणि टाकण्याची सोय नव्हती. सून माझ्याशी बोलत नव्हती. तिचं पोर दिवसभर किरकिरायचं आणि ती त्याला या अंगावरून त्या अंगावर घ्यायची. मी सेवा करायला आलेला माणूस, आणि त्या बाईच्या भुकेवर घरचा ठरलो होतो.

नवाई झाली. काकांनी देवापुढचा पहिला वाटा पाड्याला दिला, मग घरच्यांना, त्यात मला. सुनेनं दोन कणसं खाल्ली. माझ्याकडं तिनं तेव्हाही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी खाली जाणाऱ्या एका माणसाबरोबर मी फुईला पत्र पाठवलं. तिच्या शेजारचे मास्तर ते तिला वाचून दाखवणार होते.

"ती. फुईस,

इथं सगळं ठीक आहे असं लिहायला बसलो होतो. तसं नाही. माझ्या हातून मोठी चूक झाली आणि ती या लोकांनी उपाशी राहून भरून काढली. मला घालवून दिलं असतं तर त्यांना थांबावं लागलं नसतं. त्यांनी घालवलं नाही. मी निघून यायच्या विचारात होतो, पण आता आलो तर त्यांचे ते सगळे दिवस फुकट जातील. म्हणून पाडा ठेवील तोवर मी येत नाही. तू रागावशील, ते बरोबरच आहे.

एक विचारायचं आहे. बाळंतिणीला दूध कमी पडलं तर तू काय खायला द्यायचीस? इथं मका, नाचणी आणि रानभाजी मिळते, गूळ बाजाराला आणता येतो. त्यातून काय करता येईल ते मास्तरांकडून सविस्तर लिहून पाठव. मी ते काकींना सांगेन. बाळंतिणीला मी विचारल्याचं कळणार नाही, असं करेन.

तुझा भाचा."